दुसरी बोली

मोंढ्यात त्या सकाळी हर्रास पुकारला गेला नाही, आणि कशामुळे, हे मला बराच वेळ कळले नाही. मी घरची ज्वारी घ्यायला गेलो होतो. माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्या वेळी एवढा गलबला असतो की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. त्या दिवशी तुरीचे ढीग लागलेले होते, आडते आपापल्या दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेले होते, हमाल पोत्यांना पाठ टेकून होते, आणि सगळे गप्प. भावावरून काही तंटा झाला असावा, असे मला वाटले. एका ओळखीच्या हमालाला विचारले, तर तो उठून उभा राहिला. "तुमाला मालूम न्हाई साहेब?" तो म्हणाला. "तात्या गेले की पहाटं." कोण तात्या, असे मी विचारले. हा प्रश्न मी का विचारला, ते मला आजही सांगता येत नाही. मोंढ्यात तात्या एकच होता. त्याचे नाव बन्सीधर, आणि तो माझा मित्र होता. त्याच्या मुलाने, दत्ताने, मला सकाळपासून अनेकदा फोन केला होता. फोन घरी, खुंटीवरच्या सदऱ्यात राहिला होता. मी ज्वारी न घेता परतलो. वाटेत पुन्हा मागे वळून ज्वारी घेतली. मग ती पिशवी हातात घेऊनच त्याच्या दारात उभा राहिलो. लोक माझ्याकडे पाहत होते.

बन्सी मोंढ्यात हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारत असे. शेतकऱ्याचा माल ढिगाने मांडला जातो, खरेदीदार भोवती गोळा होतात, आणि एक माणूस मधे उभा राहून बोली चढवत नेतो. तो माणूस म्हणजे बन्सी. उंची बेताची, अंगकाठी किरकोळ, परंतु आवाज असा की वेशीपर्यंत जावा. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. तो मला शेवटपर्यंत 'इन्स्पेक्टर' म्हणत आला. त्यात आदर नव्हता. आमची ओळख भांडणातून झाली. त्याच्या मेहुण्याच्या शेताला पाळी नसताना पाणी सोडावे, अशी रदबदली करायला तो त्यालाही घेऊन कालव्यावर आला होता. मी नकार दिला. त्याने कारण विचारले. पाळी नाही, एवढेच कारण आहे, असे मी सांगितले. तो मेहुण्याकडे वळून म्हणाला, "चल बे. हा आपल्यातलाच हाय." मला त्याचा अर्थ लागला नाही. पुढे मोंढ्यात त्याचे काम पाहिले तेव्हा थोडासा लागला.

मोंढ्याचा एक दंडक होता. हर्रास पुकारणाऱ्याने स्वतः बोली लावायची नाही. बन्सीने तो दंडक घरापर्यंत नेला होता. तुरीची मूठभर डाळदेखील त्याने मोंढ्यातून कधी उचलली नाही. वहिनी, म्हणजे त्याच्या पत्नी कौसल्याबाई, किराणा दुकानातून विकत आणत आणि त्याला बोल लावत. खोटी बोली त्याला सहन होत नसे. माल घ्यायचा नाही आणि उगाच भाव चढवायचा, किंवा कोणाला तरी अडवण्यासाठी आकडा बोलायचा, असा माणूस तो लगेच ओळखत असे. एकदा त्याच्या सख्ख्या साडूने असे केले. बन्सीने पुकारणे थांबवले आणि भर मोंढ्यात त्याला म्हणाला, "दाजी, पायजे का ही तूर? पायजे आसंल तर उचला. न्हाईतर त्या कोपऱ्यात जाऊन बसा." साडू कोपऱ्यात गेला नाही, घरी गेला, आणि कित्येक वर्षे दोन्ही घरांचे येणे-जाणे बंद राहिले. बन्सीला त्याचे वाईट वाटले असेल. त्याने तसे दाखवले नाही.

अमावस्येला मोंढा बंद असतो. त्या दिवशी दिवे लागायच्या सुमारास आम्ही दोघे त्याच्या गच्चीवर बसत असू आणि थोडी व्हिस्की घेत असू. हे लपवण्याचे कारण नाही. साधी, इकडे कोठेही मिळणारी. पाणी अर्ध्याहून अधिक. परवान्याशिवाय मी ग्लासला हात लावणार नाही, असे मी पहिल्याच दिवशी सांगितले होते. तेव्हा तो इतका हसला की वहिनी जिना चढून वर आल्या. परंतु आला तो माझ्याबरोबर बीडला. कचेरीतल्या माणसाने परवाना कशासाठी हवा, असे विचारले. मी म्हणालो, प्रकृतीसाठी. अर्जात तेच लिहायचे असते. बन्सी म्हणाला, "माझी प्रकृती झकास हाय. ह्याच्या प्रकृतीसाठी मला प्यावं लागतं." दोघांनाही आजीवन परवाने मिळाले. परतताना बसमध्ये तो आपला परवाना पुन्हा पुन्हा काढून पाहत होता. "आयला, इन्स्पेक्टर," तो म्हणाला, "जल्मभर प्यायची मुभा दिली सरकारनं. आता जल्म किती, तेबी लिवून द्याया पायजे व्हतं."

आवाज बसला तेव्हा त्याने काम सोडले. त्यानंतर त्याला जो ध्यास लागला, तो मला समजला नाही. त्याला हर्रासात एक चांगली बाटली घ्यायची होती. दुकानात नाही. दुकानात छापील किंमत असते, त्यात आपण काय केले, असे त्याचे म्हणणे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाला भाव मिळवून दिला. एक वस्तू स्वतः बोली लावून, रास्त भावात घ्यायची, एवढेच त्याला हवे होते. मग तूरच का घेत नाहीस, असे मी विचारले. "खायची तूर आणायला बायको हाय की," तो म्हणाला. "मला पायजे ती वस्तू घेईन." रास्त म्हणजे किती, असे विचारल्यावर मात्र तो गंभीर झाला. भाव पहिला माणूस ठरवत नसतो, असे तो सांगे. दुसरा जिथे थांबतो, तिथे भाव असतो. एकट्याच्या बोलीला तो भाव मानतच नसे. जास्त देऊन घेतले तर आपण खुळे आणि कमी देऊन घेतले तर चोर. मधली जागा दुसऱ्या माणसाशिवाय सापडत नाही… मी कालव्याचा माणूस. पाण्याची पातळी पट्टीवर वाचता येते. ही कोणती पट्टी, ते मला कळत नसे.

अंबाजोगाईला फौजेतल्या एका दिवंगत अधिकाऱ्याच्या घरचे सामान विकायला निघाले तेव्हा आम्ही दोघे गेलो होतो. बाटल्या उत्तम होत्या, अशी कुजबुज होती. परंतु शहरांतून गाड्या घेऊन आलेले लोक होते आणि त्यांची आपसांत चुरस होती. बाटली कोणीही पाहत नव्हते. सगळे एकमेकांची तोंडे पाहत होते. बन्सीने दोनदा बोली लावली आणि मागे सरला. "चल," तो म्हणाला. "हा बाटलीचा भाव न्हाई. नाकाचा हाय." बसस्थानकावर आम्ही भजी खाल्ली. तो नाराज नव्हता. उलट, ज्याने शेवटची बोली लावली त्याच्या आवाजाचे त्याने कौतुक केले.

त्यानंतर बराच काळ काही नाही. मग जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या अतिथिगृहातील सामानाचा हर्रास निघाला. पलंग, कूलर, गालिचे, चिनी मातीच्या बश्या, आणि एक काचेचे कपाट. कपाटात कोणे एके काळी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बाटल्या होत्या. बहुतेकांतले अर्धे उडून गेले होते. एक मात्र शाबूत, सील न तुटलेली स्कॉच होती. उत्पादन शुल्क खात्याचा माणूस हजर होता आणि ज्याच्याकडे परवाना असेल त्यालाच बोली लावता येईल, असे त्याने जाहीर केले. हे नियमात कसे बसले, ते मला अद्याप उमगलेले नाही. असो. जाताना बसमध्ये बन्सी खिडकीशी बसला होता. "इन्स्पेक्टर," तो म्हणाला, "तितं एक बोली तू लाव." मला बाटली नको आहे, असे मी सांगितले. "मंग काय झालं?" तो म्हणाला. मी म्हणालो, नको असताना लावली तर ती खोटी बोली होईल. साडूची आठवण करून देण्याची गरज नव्हती. त्याला ती असणारच. तो बाहेर उसाकडे पाहत राहिला. तिकडेच पाहत त्याने विचारले, "खोटी कावून व्हईल?" मला प्रश्नच कळला नव्हता. ज्याने सख्ख्या साडूला कोपऱ्यात बसायला सांगितले, तो माणूस मला हे कसे काय सांगत होता?

पलंग गेले, कूलर गेले. गालिच्यांसाठी मंगल कार्यालयाच्या दोन मालकांत जुंपली. मग कपाट उघडले. हर्रास पुकारणारा अधिकारी तरुण होता, दमलेला होता. त्याने सरकारी बोली सांगितली आणि परवानेवाले कोण आहेत, असे विचारले. भोवतालच्या माणसांत हशा झाला; पिणारे पुष्कळ होते, परवाना काढण्याचा वेडेपणा कोणी केला नव्हता. बन्सीने हात वर केला. माझा परवाना माझ्या खिशात होता. बन्सीने सरकारी बोली उचलली. अधिकाऱ्याने "एक" म्हटले, आणि बन्सीच्या तोंडून, आवाज बसलेला असूनही मोंढ्यातल्याच ढंगात, निघाले, "शंभर वर!" अधिकारी थांबला. "अहो आजोबा, आधीची बोलीही तुमचीच आहे." "मालूम हाय," बन्सी म्हणाला. "पर एवढ्यात कावून तोडता? माल बघा की जरा." लोक पोट धरून हसू लागले. अधिकाऱ्याने पुन्हा "एक" म्हटले, "दोन" म्हटले. बन्सीच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. "आनिक शंभर," तो म्हणाला, या वेळी हळू, आणि त्याने माझ्याकडे पाहिले. कोणीतरी ओरडले, "तात्या, बास करा, न्हाईतर दुसरा तात्या घिऊन जाईल!" तो हसला नाही. तो माझ्याकडेच पाहत होता. मी गप्प बसलो. नको असलेली वस्तू मी मागितली नाही. यात मी काही गैर केले, असे मला तेव्हा वाटले नाही आणि आताही वाटत नाही. अधिकाऱ्याने "तीन" म्हटले.

बाटली घरी आली आणि फळीवर राहिली. पुढच्या अमावस्येला मी वर गेलो, तेव्हा ती उघडली जाईल, असे मी धरून चाललो होतो. बन्सीने नेहमीची साधी बाटली पुढे केली. त्याच्या पुढच्या अमावस्येलाही तेच. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "तिचा भाव झाला न्हाई अजून." किंमत देऊन घेतली आहे ना, असे मी म्हणालो. "पैसे दिले," तो म्हणाला. "भाव झाला न्हाई." तो गमतीने बोलत असावा, असे मी समजत होतो. परंतु पाऊस झाला, ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या, टोळ्या परत आल्या, आणि सील तसेच राहिले. पाहुण्यांना तो बाटली दाखवत असे; देत नसे. त्यांना वाटे, म्हातारा चिक्कू आहे.

आमच्या शेवटच्या अमावस्येला त्याला धाप लागत होती. जिना चढताना तो मधेच बसला आणि मी पुढे जाऊन वाट पाहिली. वर आल्यावर त्याने आपला ग्लास भरला नाही, माझाच भरला. धरणाच्या बाजूला आभाळ लाल होते. एकदम तो म्हणाला, "कावून न्हाई बोललास बे तवा?" कधी, असे मी विचारण्याची गरज नव्हती. मी म्हणालो, "मला नको होती." "नको व्हती," तो म्हणाला, आणि हसू लागला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. "पाणी नको, बढती नको, भावकीतली जमीन नको. तुला काय पायजे, हे तुला तरी मालूम हाय का, इन्स्पेक्टर?" मी म्हणालो, हा प्रश्न निरर्थक आहे. "आसंल," तो म्हणाला… त्यानंतर आम्ही दत्ताच्या खताच्या दुकानाविषयी बोललो. उतरताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. आधारासाठी ठेवला असावा.

सगळे विधी आटोपल्यावर, पाहुण्यांनी भरलेले घर रिकामे झाल्यावर, दत्ताने मला बोलावून घेतले. दत्ता माळकरी आहे. बापाच्या अमावस्यांबद्दल तो कधी अवाक्षर बोलला नाही, परंतु गच्चीवरही कधी आला नाही. त्याने ती बाटली एका धोतराच्या फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरातल्या पाटावर आणून ठेवली. "काका, ही तुमी घेऊन जावा," तो म्हणाला. "आमच्या घरात नको. अन् फेकायला हात धजत न्हाई." वहिनी गॅसच्या ओट्याला टेकून बसल्या होत्या. मी फुकट नेणार नाही, असे मी सांगितले. "काका, आता तिचा काय भाव करायचा?" दत्ता म्हणाला. मी एक आकडा सांगितला. बन्सीने ज्या किमतीला घेतली होती, तोच. व्यवहार सरळ होता. मी फडक्याकडे हात नेला, आणि वहिनी म्हणाल्या, "शंभर वर माझे."

मला वाटले, मी चुकीचे ऐकले. दत्ता म्हणाला, "आई?" वहिनी त्याच्याकडे न पाहता मला म्हणाल्या, "बोला, भाऊजी. तोंड कावून मिटलं?" मी पन्नास वाढवले. त्यांनी शंभर वाढवले. "आगं, तू काय करशील तिचं?" दत्ता म्हणाला. "तुला काय करायचंय? तुज्या खताचे पैसे न्हाईत, माज्या म्हशीचे हायत." मी पुन्हा बोललो. त्या पुन्हा बोलल्या. पुढे काय झाले ते मी जसे घडले तसे लिहितो. त्याचे स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. सभ्यपणा म्हणून मी केव्हाच थांबायला हवे होते. विधवा बाई, तिच्याच घरातली वस्तू. परंतु मला ती बाटली हवी होती. केवळ न्यायची म्हणून नव्हे, दत्ताची अडचण दूर करायची म्हणून नव्हे. हवी होती. त्या फडक्यावरून माझी नजर हटत नव्हती, आणि वहिनी आकडा वाढवत तेव्हा मला त्यांचा राग येत होता. आजवर कोणत्याही वस्तूसाठी मला असा राग आलेला नाही. खिशात पेन्शनमधले काढलेले पैसे होते, तिथपर्यंत मी गेलो. त्याच्या पुढची बोली वहिनींची होती. मी थांबलो. खोलीत कोणी "तीन" म्हणणारे नव्हते. दत्ता भिंतीकडे तोंड करून उभा होता. शेवटी मीच म्हणालो.

आता वहिनींनी पैसे कोणाला द्यायचे, हा प्रश्न आला. त्यांनी कनवटीतून नोटा काढल्या, दत्तासमोर धरल्या, दत्ता मागे सरला, मग त्यांनी त्या पुन्हा कनवटीला लावल्या. हा व्यवहार झाला की नाही, ते आम्हा तिघांनाही ठरवता आले नाही. "ते जाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "भाव झाला का?" मी म्हणालो, झाला. "मंग उघडा." म्हणजे त्यांना सर्व ठाऊक होते. गच्चीवरचे बोलणे जिन्यातून खाली येत असले पाहिजे. मी सील तोडले. बूच इतके जुने झाले होते की हातात भुगा झाला आणि अर्धे आत पडले. वहिनींनी चहाची गाळणी दिली. दत्ता ओसरीवर निघून गेला. मी गाळणीतून स्टीलच्या पेल्यात थोडी ओतली. रंग मधासारखा होता, आणि वासाने स्वयंपाकघर भरून गेले. मला तो वास फार उंची वाटला. वहिनींनी पेला दोन्ही हातांनी उचलला, नाकाशी धरला, आणि बराच वेळ तसाच धरला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते, ते दुःख नव्हते. पत्ता चुकलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा होता.

"हे त्यांचं न्हाई," त्या म्हणाल्या.

मी सांगितले की आम्ही ही कधी घेतली नव्हती. ही बंदच होती. "मंग त्यांच्या तोंडाला येयाचा, तो वास?" मी म्हणालो, तो साध्या बाटलीचा, वहिनी. हलक्या. "मला वाटलं, हितंच ठिवला आसंल," त्या म्हणाल्या, "येवडी जपली म्हून…" त्यांनी पेला पाटावर ठेवला. मीही घेतली नाही. वास्तविक भाव झाला होता, सील तुटले होते, आणि अडचण कोणतीच उरली नव्हती. ज्या वस्तूसाठी आम्ही एवढे चढत गेलो, ती आता कोणाला हवी होती, ते मला कळेना. बन्सी असता तर त्याला विचारता आले असते, आणि तो काहीतरी उलटे उत्तर देऊन मोकळा झाला असता.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो आणि आमची नेहमीची बाटली घेतली. छापील किमतीला. पिशवीत घालून वहिनींकडे नेली. दत्ता दुकानात गेला होता. वहिनींनी काही विचारले नाही. त्यांनी झाकण फिरवून काढले, नाकाशी धरले, आणि डोळे मिटले. "हां," त्या म्हणाल्या. मी उठलो. ओसरीवर चपला घालत असताना आत झाकण लावल्याचा आवाज आला… थोड्या वेळाने पुन्हा काढल्याचा.